आठवा फर्मा

दाताच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या बाईनं पुस्तकाचं एकशे बारावं पान उलटलं, आणि पुढं सत्त्याण्णवावं पान निघालं. बाई थांबली. तिच्या कपाळावर एक बारीक आठी आली. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, "डोळा लागला वाटतं" असं स्वतःशीच पुटपुटली, आणि सत्त्याण्णवाव्या पानापासून पुन्हा निमूटपणे वाचायला लागली. बस्स, एवढंच झालं. पण तिच्या शेजारी गाल धरून बसलेल्या माणसाची दाढ ठणकायची एकदम थांबली. जणू तीही दचकली होती. पानांचे आकडे लांबून, तिरके, उलटे, कुठूनही वाचायचे यात त्याची सगळी उमर गेलेली. त्यामुळे चुकून दिसलं म्हणावं तर तशी सोय नव्हती. वर पुस्तकही असं की त्याच्या बांधलेल्या नमुन्याच्या प्रतीवर 'विक्रीस हरकत नाही' असं लिहून खाली जी सही होती ती त्याचीच. त्याच्या डोळ्यांसमोर बाई पुन्हा तेच वाचत होती, एक एक ओळ, ओठ किंचित हलवत, आणि तिला सांगावं तर काय सांगावं? की बाई, तुमचा डोळा लागला नव्हता, माझा लागला होता?

छापखान्यात त्याला सगळे भिंगकाका म्हणायचे. मुद्रितं तपासताना तो जे भिंग डोळ्याला लावायचा ते आता त्याच्या चेहऱ्याचाच भाग झालं होतं. लावलं नसलं तरी एक डोळा बारीक असायचा. सव्वीस वर्षं नोकरी, आणि सव्वीस वर्षांत 'दीर्घयान' या विज्ञानकथामालेचे बारा खंड. पहिल्या खंडात एक यान दूरच्या एका ग्रहाकडे निघालं, आणि बाराव्या खंडापर्यंत ते वाटेतच होतं. पाचव्या खंडात ते एकदा वळलं. सात, आठ आणि नऊ या तीन खंडांत यानाच्या मोरीतला नळ गळत होता. यावर वाचकांचे सरळ दोन तट पडले होते, आणि त्यांच्या पत्रांची दोन खोकी भिंगकाकाच्या टेबलाखाली होती. एकावर 'सावकाश', दुसऱ्यावर 'लवकर'. 'सावकाश' म्हणजे ज्यांना हा संथपणा आवडायचा ते. "नळाचा तिसरा थेंब वाचताना मी माझ्या आयुष्याचा विचार करू लागलो," असं एकानं लिहिलं होतं. एका डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या रुग्णांचा रक्तदाब सहाव्या खंडानं दहानं उतरला. 'लवकर'वाले वेगळेच. "पहिला खंड घेतला तेव्हा माझं लग्न ठरत होतं. आता मुलीचं ठरतंय. यानाचं काय ठरलं तेवढं कळवा." मालकांचा हुकूम असा की दर वर्षाअखेरी लेखकाकडे जायचं ते फक्त 'सावकाश' खोकं. 'लवकर' खोकं रद्दीत. त्यामुळे आपल्या मालेला कुणी कंटाळतं, ही बातमी लेखकाला सव्वीस वर्षांत कळलीच नव्हती. ती कळू न देणं हे भिंगकाकाचं काम होतं, आणि ते काम तो चोख करायचा. म्हणजे एकदा सोडून.

"तुमचा नंबर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. तो उठला, खुर्चीत आडवा झाला, तोंड उघडलं. डॉक्टर म्हणाले, "घाई करायची नाही. मुळातलं काम आहे, चार बैठकी लागतील." आणि वर दिव्याच्या पांढऱ्या वर्तुळाकडे बघत पडल्यापडल्या भिंगकाकाला सगळं क्रमानं आठवायला लागलं. सोळा-सोळा पानांच्या घड्या शिवून पुस्तक होतं, त्या एकेका घडीला फर्मा म्हणतात. सातवा फर्मा सत्त्याण्णव ते एकशे बारा. त्यात कप्तान कुंडीतल्या रोपाला पाणी घालतो. यानात गुरुत्व कमी, त्यामुळे झारीतून सुटलेला थेंब मातीपर्यंत पोचायला नऊ पानं लागतात. आणि आठवा फर्मा... इथं डॉक्टरांनी सुई टोचली आणि भिंगकाकाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते सुईचं नव्हतं. आठव्या फर्म्यात यान उतरतं. खरंच उतरतं! कुणी टेबलावर कप ठेवावा इतकं हळू. कप्तान म्हणतो, "आलो." आणि यंत्रं सांभाळणारी म्हातारी काही न बोलता आधी आपले बूट काढते. हे मुद्रित तपासताना सकाळी अकरा वाजता, भर कचेरीत, भिंगकाका ढसाढसा रडला होता. विचारलं तर "सर्दी" म्हणाला. मग आता पुस्तकात सातवा फर्मा दोनदा आणि आठवा गायब हे झालं कसं, आणि सही केली ती काय बघून? तर तेही आठवलं. बांधून आलेली नमुन्याची प्रत तो जेवणाआधी चाळत होता. थेंब पडायच्या सुमाराला दाढ ठणकत असूनही त्याला पेंग आली. एकशे बारा झालं आणि पुढं पुन्हा सत्त्याण्णव आलं तेव्हा त्याला वाटलं, आपण पेंगलो, पानं मागं पडली. 'दीर्घयान'च्या बाबतीत हे नेहमीचंच. त्यानं ओशाळून पुन्हा वाचलं, मग जेवायला गेला, येऊन एकशे एकोणतीसपासून सुरू केलं. मधलं वाचलं की नाही अशी शंका यायचं कारण नव्हतं, ते त्याला तोंडपाठ होतं.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आं," तो म्हणाला.

"मग सांगायचं नाही का?"

बधिर गाल घेऊन तो थेट बांधणीखात्यात गेला. बाइंडर त्याच्यापेक्षा वयानं मोठा, शांत, डिंकानं बोटं चिकटलेला माणूस. हे ऐकून त्याची एकही भुवई हलली नाही. "सातवा दोनदा छापला गेला होता खरा," तो म्हणाला. "मशीनवाल्याला वाटलं राहिलाय. दोन गठ्ठे होते, दोन्ही लावले."

"आणि आठवा?"

"आठवा... थांब हं." बाइंडरनं मान तिरकी केली आणि कागद कापायच्या मोठ्या मशीनकडे पाहिलं. मशीन जुनं, चार पायांपैकी एक आखूड. एरवी ते सुरू झालं की दळण दळल्यासारखं सगळं खातं हलायचं. गेले तीन महिने मात्र ते कसं मुकाट चालत होतं. भिंगकाका खाली वाकला. आखूड पायाखाली फळी, फळीखाली नीट दोरी बांधलेले गठ्ठे, अकराशे फर्मे. वरच्याच्या कडेला बारीक अक्षरात एकशे तेरा. म्हणजे यान उतरलं होतं ते थेट कटिंग मशीनच्या पायाखाली.

"काढू?" बाइंडर म्हणाला. "काढतो, पण मशीन हलेल हां. आणि मला सांग, कुणाची तक्रार आहे का? तीन महिने झाले, नऊशे प्रती गेल्या. एक तरी आली परत?"

"नाही."

"मग झालं तर. तू कशाला मेल्या उगाच उकरतोस?"

भिंगकाकानं वरच्या गठ्ठ्यातून एक फर्मा ओढून घेतला, तीनदा घडी घातलेला, कडा न कापलेला. तो शर्टाच्या आत ठेवला आणि कुणी पाहिलं का हे बघत जिना उतरला. आपलाच माल आपणच चोरून नेताना माणूस इतका चोरासारखा का चालतो, हे त्याला कळेना.

त्या दिवसापासून त्याची जीभ सारखी दाढेकडे जायची. डॉक्टरांनी तात्पुरतं काहीतरी भरलं होतं, मऊसर, लवंगेच्या वासाचं. जीभ तिथं जाऊन चाचपायची, पोकळी आहे ना, आहे, मग परत यायची, मग पुन्हा जायची. खोक्यांतली पत्रं त्यानं काढून पुन्हा वाचली. बाराव्या खंडावर एकोणचाळीस पत्रं होती आणि एकाही माणसानं पानं दोनदा आल्याचं लिहिलं नव्हतं. प्रत्येकाला आपापलाच डोळा लागलासा वाटला होता. एका प्राध्यापकानं तेवढं लिहिलं होतं की थेंब एकदा पडल्यावर पुन्हा पडतो यात काळाविषयी फार मोठं चिंतन आहे. आणि पुढचं? एकशे एकोणतीसपासून शेवटपर्यंत सगळे त्या नव्या ग्रहावर चालतात, गवतावर, उघड्या आभाळाखाली. पण यानात बागेचा एक मजला होता, चौथ्या खंडात तो सबंध चारशे पानं होता. त्यामुळे वाचकांनी धरून चाललं की ही तीच बाग. 'लवकर'वाल्यांनी लिहिलं, "पुन्हा बाग? अहो, दया करा." 'सावकाश'वाल्यांनी लिहिलं, "पुन्हा बाग! धन्य झालो." यान उतरून तीन महिने झाले होते, आणि दोन्ही तटांपैकी एकालाही पत्ता नव्हता.

पत्ता नाही म्हणजे लेखकालाही नाही, हीच खरी पंचाईत. लेखक रोज अकराच्या ठोक्याला फोन करायचा. एवढी संथ माला लिहिणारा माणूस स्वतः इतका घाईचा होता की समोरच्याचं वाक्य तोच पुरं करायचा, जेवायचा उभ्यानं, आणि फोन बहुतेक वेळा निरोप न घेताच ठेवायचा. "आलं का? उतरल्याबद्दल? नाही? एकही? कप्तान आलो म्हणाला त्याबद्दल? बरं." खट्. हे तीन महिने रोज. गेल्या सोमवारी मात्र तो 'बरं' म्हणाला नाही. फोनही ठेवला नाही. मग म्हणाला, "भिंगोबा, सव्वीस वर्षांनी मी यान उतरवलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. याचा अर्थ कुणी वाचतच नाही. महिनाअखेरपर्यंत एक पत्र. एकच बास. नाहीतर तेरावा खंड नाही. मी हात धुतले." खट्. महिना संपायला आज सहा दिवस उरले होते.

तेरावा खंड नाही म्हणजे काय, हे इतर कुणाला सांगून समजलं नसतं. भिंगकाकाची मुलगी जन्मली तेव्हा दुसऱ्या खंडाची मुद्रितं सुरू होती. बायको आत कळा देत होती आणि हा बाहेर बाकावर 'यानातले दिवे मंद झाले' याच्यावर भिंग धरून बसला होता. आई गेली आठव्या खंडात. इस्पितळात तिच्या उशाशी बसून त्यानं नळाची दोनशे पानं तपासली. आईला दिसायचं कमी, ती विचारायची, "काय वाचतोस रे?" तो सांगायचा, "नळ गळतोय." ती म्हणायची, "मग बंद कर की." पुढच्या दिवशी पुन्हा विचारायची. शेवटच्या दिवशी तिनं नळाचं विचारलं नाही. म्हणाली, "पोचले का रे ते?" तो म्हणाला, "पोचतील." खोटं बोलल्यासारखं ते त्याच्या घशात कितीतरी वर्षं बसून होतं. आणि म्हणून दोन वर्षांपूर्वी एका दुपारी, 'लवकर' खोक्यातली पत्रं रद्दीत घालता घालता त्याला काय झालं कोण जाणे, त्यानं एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'सर, आता उतरवा हो त्यांना. माणसं थकली.' खाली 'एक वाचक'. आणि तो कागद घडी करून त्यानं 'सावकाश' खोक्यात सरकवला. सव्वीस वर्षांत केलेली ती एकमेव लबाडी. लेखकानं त्यावर अवाक्षर काढलं नाही, पण बाराव्या खंडात यान उतरलं.

मग एका लबाडीवर दुसरी. रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि डाव्या हातानं लिहायला लागला, म्हणजे अक्षर ओळखू येणार नाही. 'मी एक साधी गृहिणी. यान उतरलं ते वाचून...' बायको भांडी पुसता पुसता खांद्यावरून वाचत होती.

"गृहिणी कोण?" तिनं विचारलं.

"मी."

"कप्तान आलो म्हणतो त्यावर चार पानं? अहो, गृहिणीला एवढा वेळ कुठला? निवृत्त माणूस करा कुणीतरी. आणि डाव्या हातानं कशाला छळताय स्वतःला, उजव्यानं तरी तुमचं कुठं वाचता येतं?"

त्यानं निवृत्त शिक्षक केला. शिक्षकानं म्हातारीच्या बुटांविषयी फार चांगलं लिहिलं. लिहिता लिहिता भिंगकाका त्यात इतका बुडाला की त्याला स्वतःच्याच पत्राचा हेवा वाटला. मग पाकीट, तिकीट, लांबच्या टपालपेटीत टाकणं, घरी येताना दोनदा मागं वळून बघणं. दोन दिवसांनी पत्र छापखान्यात आलं, त्यानंच ते फोडलं, आश्चर्य वाटल्याचा चेहरा केला. (खोलीत कुणी नव्हतं तरी केला.) आणि ते घेऊन तो लेखकाच्या घरी गेला.

लेखकानं दार उघडलं, हातातून पत्र ओढलं आणि उभ्यानंच वाचायला लागला. खोलीत एक लांब टेबल, त्यावर कोरे कागद. तीन महिन्यांचे कोरे. भिंगकाका खुर्चीच्या काठावर टेकला. जीभ दाढेकडे गेली. लेखक पहिल्यांदाच काहीतरी हळू वाचत होता. वाचून झाल्यावर त्यानं पत्र दिव्याशी धरलं आणि विचारलं, "या शिक्षकांनी ओळीत 'हळूहळू' चुकून दोनदा लिहिलंय. आपण काय करू? खोडू. यांनी काय केलंय, पाहिलंत?"

भिंगकाकानं पाहिलं. शब्दावर एक आडवी रेघ, आणि समासात सुबक, शेपटी वळवलेली काढून टाकायची खूण, जी जगात फक्त मुद्रितं तपासणारे करतात. रोज तीनशे वेळा करून त्याचा हात, डावा का असेना, आपोआप तिकडे गेला होता.

"सर—"

"दोन वर्षांपूर्वी 'माणसं थकली' म्हणून एक पत्र आलं होतं. त्याच्याही समासात हीच शेपटी." लेखक खुर्ची ओढून चक्क बसला. "मी यान कुणासाठी उतरवलं असं वाटलं तुम्हाला? म्हटलं, एक माणूस एवढी वर्षं एक एक अक्षर वाचतोय, सांगत काही नाही, बिचाऱ्याचे पाय दुखत असतील. उतरवू. पण मला वाटलं होतं, दुसरंही कुणी तरी टाळी वाजवेल."

मग भिंगकाकानं सांगितलं. सातवा, आठवा, मशीनचा पाय, पेंग, सही, सगळं. वाक्यं अर्धी सोडत सांगितलं, पण या वेळी लेखकानं एकही पुरं केलं नाही. सांगून झाल्यावर भिंगकाकानं मान खाली घातली आणि ओरडण्याची वाट पाहिली.

"तुमच्याकडे छापील प्रत आहे ना सर? उघडली नाहीत?" शेवटी त्यानंच विचारलं.

"मी? छापलेलं मी वाचत नाही. फार हळू जातं." लेखकाचा आवाज चमत्कारिक आला. भिंगकाकानं वर पाहिलं तर म्हातारा हसत होता, आवाज न करता, खांदे गदागदा हलवत. "म्हणजे उतरलंच नाही!"

"उतरलंय सर. फक्त—"

"वाचकांच्या लेखी उतरलंच नाही. सगळे बागेत आहेत! अहो, तीन महिने मी कागदापुढं बसतोय, उतरल्यावर माणसं करतात काय ते मला सुचत नाहीये. तेरावा सुरू व्हायच्या आधीच संपला होता माझा. आणि तुम्ही..." तो ताडकन उठला, टेबलाशी गेला, पेन उघडलं. "बाग. कप्तान बागेतून परत वर येतो. कुंडीपाशी. थेंब!" तीन ओळी लिहून त्यानं मागं न बघताच विचारलं, "तो आठवा फर्मा कुणाकुणाकडे आहे?"

"एक माझ्याकडे. बाकी मशीनखाली."

"तिथंच राहू दे. चांगलं चालतंय मशीन." मग पेन थांबलं. "तुम्ही एकटेच उतरलात भिंगोबा. बाकी सगळे अजून वाटेतच. चालेल ना?"

"चालेल," भिंगकाका म्हणाला.

तेरावा खंड येणार होता. हवं होतं ते झालं होतं. तो जिना उतरला, रस्त्याला लागला, आणि तरी त्याला हलकं वाटेना. सिग्नलला उभी असलेली माणसं, खिडकीतून चादर झटकणारी बाई, पायरीवर बसून बुटात शिरलेला खडा काढणारा टपालवाला, सगळी त्याला यानातली वाटायला लागली. वाटेत असलेली. आणि आपण कुठल्या कुठं, भलत्याच एका ग्रहावर गवतात उभे. "पोचले का रे ते?" असं कुणी विचारलं असतं तर "हो" म्हणायची आता सोय होती, पण विचारणारी राहिली नव्हती. आणि न विचारणाऱ्याला आपण होऊन काय सांगणार? घडी घातलेला फर्मा शर्टाच्या आत होता, घामानं पोटाला चिकटला होता.

चौथ्या बैठकीला तो दवाखान्यात गेला तेव्हा ती बाई तिथंच, त्याच खुर्चीत. तिचंही मुळातलंच काम असावं. पुस्तक आता शेवटाला आलं होतं. तो शेजारी बसला. बसला, उठला, पुन्हा बसला.

"संथ आहे नाही जरा?" त्यानं विचारलं.

"मला चालतं," ती म्हणाली. "फोनवर तक्रारी घेते मी. दिवसभर लोकांना थांबवून ठेवायचं, हेच काम. 'कृपया प्रतीक्षा करा.' आपणही कुठं तरी थांबलेलं बरं वाटतं."

"मागं तुम्हाला एकशे बारा पानापाशी... डोळा लागल्यासारखं..."

ती लाजली. "तुम्हाला कसं कळलं? घोरले की काय मी?"

त्यावर त्यानं शर्टाची दोन बटणं सोडली. काउंटरवरची मुलगी बघायला लागली. त्यानं आतून घामेजलेला फर्मा काढला, खिशातल्या पट्टीनं त्याच्या घड्या फाडल्या, सोळा पानं क्रमानं लावली आणि बाईपुढं धरली. "हे मधे राहिलंय. चूक माझी आहे. वाचा."

बाईनं आधी त्याच्याकडे, मग त्याच्या उघड्या बटणांकडे, मग पानांकडे पाहिलं. आकडा बघितला. पुस्तकात मागं जाऊन बघितला. आणि वाचायला लागली. ओठ किंचित हलत होते. काउंटरवरून "तुमचा नंबर" आला, त्यानं हातानंच थांब म्हटलं. पुन्हा आला. "मला नाही घाई, यांना आधी घ्या," तो म्हणाला आणि एका पोरगेल्या माणसाला पुढं ढकललं, जो नुसता कुणाच्या तरी सोबतीला आला होता. बाई सोळाव्या पानाला पोचली तेव्हा तिचा उजवा पाय चपलेतून आपोआप बाहेर आलेला त्याला दिसला. त्यानं जीभ दाढेवर घट्ट दाबून धरली.

बाईनं शेवटचं पान खाली ठेवलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली, जिथं दात कसे घासावेत याचं चित्र होतं.

"उतरले," ती म्हणाली.

"हो."

"बारा खंड चालले होते हो." तिनं नाकाला रुमाल लावला. पानं पुन्हा नीट जुळवली, एकशे बाराच्या पुढं अलगद सरकवली आणि पुस्तक मिटलं. मग त्याच्याकडे वळून, त्याला वाईट वाटू नये अशा बेतानं, हळूच म्हणाली, "पण शेवटी जरा घाईच केली, नाही?"